विश्लेषण : इंद्रायणीतील अदृश्य रसायने ‘सच्छिद्र’ पदार्थ टिपतील?

मावळातील कुरवंडे गावाजवळ इंद्रायणी उगम पावते. देहू, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीत मात्र याच नदीवर पांढऱ्या फेसाचे थर वारंवार दिसतात, अगदी आषाढी वारीच्या तोंडावरही.

फेस कशामुळे?

साबण-डिटर्जंटमधील रसायनांच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. असे सांडपाणी बंधाऱ्यावरून कोसळले की हवा मिसळून फेस होतो. फेस निदान दिसतो. औषधांचे अवशेष आणि कीटकनाशके विरघळलेली असल्याने दिसत नाहीत. हे ‘सेंद्रिय’ प्रदूषक. इथे सेंद्रिय म्हणजे शेतीतले नव्हे, तर कार्बनची संयुगे.

तुरटी, क्लोरीन पुरेसे नाही?

तुरटीने गाळ खाली बसतो, क्लोरीनने जंतू मरतात. विरघळलेले असे अनेक रेणू मात्र तसेच राहतात.

सच्छिद्र पदार्थ काय करतात?

घरच्या फिल्टरमधील सक्रिय कोळसा आठवा. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटरपर्यंत भरतो. प्रदूषक त्याला चिकटतात; याला अधिशोषण म्हणतात. कोळशातील छिद्रे मात्र लहानमोठी असतात. ‘धातू-सेंद्रिय चौकटीं’मध्ये छिद्रांचा आकार ठरवता येतो. याच संशोधनासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग ‘संमिश्र’ कशासाठी?

या चौकटी बहुधा भुकटीच्या रूपात असतात. पाण्यात टाकली तर भुकटी परत गोळा करणे अवघड, नळीत भरली तर पाणी तुंबते. म्हणून ती बहुवारिकाच्या मण्यांत किंवा स्पंजासारख्या पदार्थात बसवतात. चुंबकीय कण मिसळले तर चुंबकाने बाहेर काढता येते. पुण्यात पाषाण येथील ‘आयसर’मध्ये प्रा. सुजित घोष यांचा गट अशा सच्छिद्र पदार्थांवर काम करतो.

अडचणी कोणत्या?

किंमत हा पहिला अडसर. छिद्रे भरली की पदार्थ धुऊन वा तापवून पुन्हा वापरता यावा लागतो, आणि धुतलेले रसायन कुठे टाकायचे हा प्रश्न उरतोच. चौकटीतला धातू पाण्यात उतरत नाही ना, हेही तपासावे लागते.

नदी स्वच्छ होईल?

वाहत्या नदीत हे पदार्थ ओतून नाही. त्यांची जागा सांडपाणी प्रकल्पाच्या किंवा कारखान्याच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. जे सांडपाणी प्रकल्पापर्यंत पोहोचतच नाही, थेट नाल्यातून नदीत उतरते, त्यावर कोणतेही छिद्र उपयोगाचे नाही.