आल्फा कण : कागदाने अडणारे, शरीरात गेल्यास घातक

किरणोत्सर्ग भिंतीही भेदून जातो, असा सर्वसाधारण समज आहे. आल्फा कणांच्या बाबतीत तो खरा नाही. हवेत काही सेंटिमीटर अंतर कापताच ते थांबतात. साधा कागदही त्यांना अडवितो. तरीही याच कणांनी माणसांचे बळी घेतले आहेत.

अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १८९९ मध्ये या किरणांना 'आल्फा' हे नाव दिले. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असलेले हेलियमचे अणुकेंद्र म्हणजेच आल्फा कण होय, हे त्यांनी टॉमस रॉइड्स यांच्यासह १९०९ मध्ये सिद्ध केले.

रेडियम-२२६ च्या अणुकेंद्रात ८८ प्रोटॉन असतात. ते परस्परांना दूर लोटतात. त्यांना बांधून ठेवणाऱ्या बलाचा पल्ला मात्र अतिशय लहान असल्याने एवढे मोठे अणुकेंद्र अस्थिर बनते. त्यातून आल्फा कण बाहेर पडला, की रेडियमचे रूपांतर रेडॉन वायूत होते. परंतु कणाच्या वाटेत ऊर्जेचा बांध असतो आणि तो ओलांडण्याइतकी ऊर्जा कणाजवळ नसते. मग तो बाहेर पडतो कसा? पुंजयामिकीनुसार बांध न ओलांडता त्याच्या आरपार जाण्याची अल्पशी संभाव्यता असते, असे जॉर्ज गॅमॉव्ह यांनी, तसेच रोनाल्ड गर्नी व एडवर्ड काँडन यांनी १९२८ मध्ये दाखविले. ऊर्जा थोडी वाढली, की ही संभाव्यता प्रचंड वाढते. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. पोलोनियम-२१४ च्या कणाची ऊर्जा त्याच्या दुपटीहूनही कमी. पण अर्धायुकाल सेकंदाचा सुमारे सहा हजारावा भाग!

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९२० च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांना रेडियमयुक्त रंग देणाऱ्या कामगार स्त्रिया कुंचल्याचे टोक ओठांनी निमुळते करीत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमप्रमाणे त्यांच्या हाडांत साठले. तेथे कणांची सारी ऊर्जा लगतच्या पेशींवरच पडली. जबड्याची हाडे झिजली. कित्येकींना मृत्यू आला.

जो कण कातडीबाहेर निरुपद्रवी, तोच शरीरात घातक ठरतो. म्हणूनच अशा पदार्थांजवळ खाणेपिणे वर्ज्य असते, आणि रेडॉन साचू नये यासाठी खाणींत व घरांत हवा खेळती ठेवावी लागते. जाड भिंतीपेक्षा येथे स्वच्छ हात व मोकळी हवा अधिक मोलाची होय.