पुढच्या दारची रांग आणि मागच्या दारची वाट

१८७३ साली जोतीराव फुले यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी ज्या लोकांनी झीज सोसली, त्यांना जोतीरावांनी ते पुस्तक अर्पण केलं होतं. हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण ज्यांची मुक्ती झाली, त्यांचं त्या वर्षी काय चाललं होतं? त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ही माणसं एका बँकेच्या दारापुढे रांगा लावून उभी होती. हातात पासबुक आणि तोंडात एकच प्रश्न : आमचे पैसे आहेत ना?

त्या बँकेचं नाव 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक'. मुक्त झालेल्या माणसांची बचत बँक. आज तिची गोष्ट सांगायची आहे, कारण बँक बुडते म्हणजे नेमकं काय होतं, हे तिच्याइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले. त्यांतल्या पुष्कळांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईचा पगार पडत होता. तो ठेवायचा कुठे? काही सेनाधिकाऱ्यांनी छावण्यांजवळ लहानलहान बचत बँका काढल्या. त्या पाहून जॉन अल्वर्ड नावाच्या एका धर्मोपदेशकाने सगळ्यांसाठी मिळून एक बँक काढण्याची कल्पना मांडली. ३ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी तिच्या कायद्यावर सही केली. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच लिंकन यांचा खून झाला. त्यामुळे ही बँक म्हणजे लिंकन यांनी जाता जाता दिलेली देणगी आहे, असं लोकांच्या मनात बसलं. पासबुकावर त्यांचं चित्र असे. बँकेचे प्रतिनिधीही सरकार पाठीशी असल्याचा समज दूर करत नसत. उलट तो वाढेल असंच बोलत. खरं तर सरकारने एका डॉलरचीही हमी दिलेली नव्हती. सरकारने दिली होती ती फक्त परवानगी.

पाच सेंटपासून ठेव घेतली जाई. रोज दहा सेंट बाजूला टाकले तर सहा टक्के व्याजाने दहा वर्षांत ४८९ डॉलर होतात, असा हिशेब पासबुकातच छापलेला असे. धोबीण, हमाल, शेतमजूर, सैनिकांच्या विधवा, शाळेत जाणारी मुलं, चर्चच्या मंडळ्या, अशा सगळ्यांनी खाती उघडली. बँकेच्या ३७ शाखा झाल्या. कुणाला जमिनीचा तुकडा घ्यायचा होता, कुणाला खेचर, कुणाला मुलांसाठी पुस्तकं. कालपर्यंत ज्यांची स्वतःचीच किंमत बाजारात लावली जात होती, ती माणसं आता बाजारात खरेदीदार म्हणून उतरणार होती.

इथे जरा थांबून 'ठेव' या शब्दाकडे पाहू या. ठेवलेली वस्तू जिथे ठेवली तिथेच असणार, असं हा शब्द आपल्या मनावर बिंबवतो. आपला 'अनामत' हा शब्द मूळच्या अरबी 'अमानत'वरून आला. विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली आणि जशीच्या तशी परत करायची वस्तू, असा त्याचा अर्थ. बँकेत मात्र पैसे जसेच्या तसे राहत नाहीत. समजा, शंभर माणसांनी प्रत्येकी शंभर रुपये ठेवले. झाले दहा हजार. रोजच्या देण्याघेण्यासाठी बँक दीड हजार गल्ल्यात ठेवते आणि उरलेले साडेआठ हजार कर्जाऊ देते किंवा रोख्यांत गुंतवते. त्यातूनच तर व्याज येतं. आता एरवी एका दिवशी चारपाच माणसं पैसे काढायला येतात. पण काही कारणाने वीस जण एकदम आले, तर पंधराव्या माणसापर्यंत पैसे पुरतील. सोळाव्याला 'उद्या या' असं सांगावं लागेल. आणि 'उद्या या' हे शब्द एकदा बाहेर पडले की उरलेले ऐंशीही तासाभरात दारात हजर होतात.

याला इंग्रजीत बँकेवरचा 'रन' म्हणतात. आपण 'झुंबड' म्हणू. झुंबडीत धावणाऱ्यांना आपण सहज अडाणी ठरवतो, अफवांना भुलले म्हणतो. पण सोळाव्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. आधी पोचलेल्याला पूर्ण पैसे मिळणार आणि मागे राहिलेल्याला काहीच नाही, हे कळल्यावर शहाणा माणूसही धावणारच. प्रत्येकाचं धावणं शहाणपणाचं असतं आणि सगळे मिळून बँक बसवतात. झुंबडीचं खरं दुखणं हे आहे.

म्हणून एक भेद नीट लक्षात ठेवायला हवा. काही बँका मुळात चांगल्या असतात. त्यांची कर्जं वसूल होणारी असतात, फक्त हाताशी रोकड कमी पडते. अशा बँकेला कुणीतरी वेळेवर उसनवार दिली तर ती तरते. वॉल्टर बॅजट या इंग्रज लेखकाने १८७३ सालीच 'लोम्बार्ड स्ट्रीट' या ग्रंथात हा उपाय मांडला. घबराटीच्या काळात मध्यवर्ती बँकेने चांगलं तारण घेऊन, चढ्या व्याजाने, पण सढळ हाताने कर्ज द्यावं, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या प्रकारच्या बँका मात्र आतूनच पोखरलेल्या असतात. तिथे झुंबड हे बुडण्याचं कारण नसतं. झुंबडीमुळे पोकळपणा फक्त उघडा पडतो.

फ्रीडमन्स बँक सुरुवातीला पोकळ नव्हती. मूळ कायद्याने ठेवींचा किमान दोनतृतीयांश भाग सरकारी रोख्यांत गुंतवण्याचं बंधन घातलं होतं. म्हणजे नफा बेताचा, पण मुद्दल सुरक्षित. गरिबांच्या पैशाला हेच शोभतं. पण १८६७ साली मुख्य कचेरी न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला गेली आणि पुढे सरकारी खजिन्याच्या समोरच बँकेची भव्य इमारत उभी राहिली. तिच्यावर अडीच लाख डॉलरच्या वर खर्च झाला. मे १८७० मध्ये काँग्रेसने कायदा बदलला आणि निम्मा निधी जमीनजुमल्याच्या तारणावर कर्जाऊ देण्याची मोकळीक मिळाली. कुंपणाला दार पाडलं ते असं.

त्या दारातून आत आले ते मुख्यतः वॉशिंग्टन परिसरातले वजनदार गोरे व्यावसायिक. बँकेच्या अर्थसमितीचे प्रमुख होते हेन्री कुक. त्यांचे भाऊ जे कुक हे त्या काळचे नामांकित पेढीवाले. रेल्वेच्या रोख्यांत त्यांची पेढी आकंठ बुडालेली होती. त्या पेढीकडे फ्रीडमन्स बँकेची मोठी रक्कम गेली, आणि तीही ठेवीदारांना कबूल केलेल्या व्याजापेक्षा कमी दराने! मेरीलँडमधल्या सेनेका सँडस्टोन कंपनी या दगडखाणीच्या कंपनीला हलक्या तारणावर कर्ज मिळालं. तिच्याशी हेन्री कुक यांचेच हितसंबंध गुंतलेले होते. विश्वस्त पन्नास होते, त्यांत मोठमोठी नावं होती, पण अनेक जण बैठकीकडे फिरकतही नसत. हिशेब तपासण्याचा अधिकार काँग्रेसला होता, पण तो वेळेवर कुणी वापरला नाही.

१८ सप्टेंबर १८७३ रोजी जे कुक यांची पेढी बंद पडली. दोनच दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद करावा लागला. बातमी पसरली तसे फ्रीडमन्स बँकेचे ठेवीदार दारात आले. बँकेने पैसे दिले, पण कुठून दिले? हातातले चांगले सरकारी रोखे विकून दिले. जे सहज विकता येत होतं ते गेलं आणि ज्याला गिऱ्हाईक नव्हतं ते उरलं. जे ठेवीदार बँकेवर विसंबून घरी थांबले, त्यांच्या वाट्याला दगडखाणीचे कागद आले.

मार्च १८७४ मध्ये विश्वस्तांनी एका मोठ्या माणसाला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. फ्रेडरिक डग्लस. गुलामीत जन्मलेले, १८३८ साली निसटून स्वतंत्र झालेले, लेखक आणि वक्ते म्हणून साऱ्या अमेरिकेत गाजलेले. त्यांच्या नावाने लोकांचा विश्वास परत येईल, असा हिशेब होता. बँक भक्कम आहे असं सहकाऱ्यांनी त्यांना सांगितलं. त्या बोलण्यावर विसंबून डग्लस यांनी आपले दहा हजार डॉलर बँकेला वापरायला दिले. मग हळूहळू वह्यांमधलं खरं चित्र त्यांच्यापुढे आलं. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी एक गोष्ट नोंदवली आहे. बँकेच्या भक्कमपणाची ग्वाही देणाऱ्यांपैकी काही विश्वस्तांनी स्वतःचे पैसे आधीच काढून दुसरीकडे नेऊन ठेवले होते.

मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. म्हणजे झुंबडी दोन होत्या. एक पुढच्या दाराशी, उन्हात, सगळ्यांना दिसणारी. दुसरी मागच्या दाराने, आवाज न करता गेलेली. इतिहासात गाजते ती पहिली. पण आतली माहिती होती ती दुसरीकडे, आणि तिने कुणाला हाक मारली नाही.

डग्लस स्वतः सिनेटच्या समितीकडे गेले आणि बँक तग धरू शकत नाही, हे त्यांनी सांगितलं. २९ जून १८७४ रोजी विश्वस्तांनी ती बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी ६१,१४४ ठेवीदारांचे २९ लाख ९३ हजार डॉलर देणं होतं. सरासरी काढली तर माणशी ४९ डॉलर. श्रीमंताला ही रक्कम किरकोळ वाटेल. ज्याने ती पाच-पाच सेंटनी जमवली, त्याच्यासाठी ते खेचर होतं, जमीन होती, म्हातारपण होतं.

१८७५ ते १८८३ या काळात पाच हप्त्यांत ६२ टक्के रक्कम परत देण्याचं ठरलं. पण तेवढीही सगळ्यांना मिळाली नाही. पासबुक पाठवायचं, ओळख पटवायची, वर्षानुवर्षं वाट बघायची. कित्येकांनी नाद सोडला, कित्येक वारले. मिसिसिपीचे सिनेटर ब्लँच ब्रूस हेही जन्माने गुलामच. त्यांच्या समितीने १८८० च्या सुमारास सगळ्या कारभाराची चौकशी केली. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी १८८६ साली ही भरपाई करणं आपलं कर्तव्य आहे, असं काँग्रेसला सुचवलं. भरपाई झाली नाही. पैशापेक्षा मोठी हानी मनाची झाली. काटकसर करा, बँकेत ठेवा, हा उपदेश ज्यांनी मनापासून ऐकला तेच फसले. त्यांच्या मुलानातवंडांनी बँकेकडे संशयाने पाहिलं तर त्यांना नावं कशी ठेवायची?

हे सगळं दूरदेशीचं आहे, असंही समजायचं कारण नाही. ज्या युद्धातून ही बँक जन्मली, त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतली शेअरांची नशा उतरली. जुनी बँक ऑफ बॉम्बेही त्या तडाख्यातून वाचली नाही. १८६८ साली तिचा गाशा गुंडाळला गेला.

पुढे जगाने धडा घेतला, पण फार सावकाश. अमेरिकेत मध्यवर्ती बँकेचा कायदा १९१३ साली झाला आणि ठेवींना विम्याचं संरक्षण १९३३ साली मिळालं. आपल्याकडे १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा दीड हजार रुपयांची होती. १९९३ साली ती एक लाख झाली आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळावी, अशी तरतूद २०२१ साली कायद्यात झाली. या विम्याचं काम दुहेरी आहे. बुडाल्यावर पैसे मिळतात हे एक. पण त्याहून मोलाचं म्हणजे पैसे मिळणारच ही खात्री असली की सोळावा माणूस धावत नाही आणि चांगली बँक उगाच बसत नाही.

मात्र हे छत्र बँकांपुरतं आहे. गावोगावच्या पतसंस्थांमधल्या ठेवी त्याखाली येत नाहीत. दारावर कुणाची तसबीर आहे, उद्घाटनाला कोण आलं होतं, संचालकांत कुणाची नावं आहेत, यावर भिस्त ठेवून आपण पैसे ठेवतो. फ्रीडमन्स बँकेच्या पासबुकावरही लिंकनच होते. तेव्हा दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. माझे पैसे कुणाला कर्जाऊ दिले जातात? आणि ते बुडाले तर भरून देण्याची लेखी हमी कुणाची आहे? उत्तर नुसतं तोंडी मिळालं, तर अजून हमी मिळालेली नाही असं समजावं.

त्या बँकेची एक गोष्ट मात्र बुडाली नाही. ती म्हणजे खातेदारांच्या नोंदवह्या. सही करता न येणारा ठेवीदार ओळखायचा कसा, म्हणून कारकून त्याची माहिती लिहून घेत. जन्म कुठला, आधीचा मालक कोण, आईबापांची नावं, भावंडं किती, त्यांतली कोणती विकली गेली. गुलामांच्या कुटुंबांची अशी नोंद दुसरीकडे क्वचितच सापडते. २००१ साली या वह्यांतली सुमारे चार लाख ऐंशी हजार नावं शोधण्याजोगी करून प्रसिद्ध झाली. ती उतरवून काढण्याचं काम अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी अकरा वर्षं केलं. आज आपले पूर्वज शोधणारे कृष्णवर्णीय अमेरिकन त्या वह्या चाळतात. ठेवलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण ओळख पटावी म्हणून सांगितलेली आईबापांची नावं मात्र त्यांच्या वंशजांना जशीच्या तशी परत मिळत आहेत.