नदीकाठची पेढी

18 कोट, 18 कुऱ्हाडी, 18 कुदळी, 18 सुऱ्या आणि शिंपल्यांच्या मण्यांची 18 वाव माळ. एवढ्या मोलात 15 जुलै 1636 रोजी कनेक्टिकट नदीकाठच्या अगावाम लोकांनी आपली जमीन विल्यम पिंचन आणि त्याच्या सोबत्यांना लिहून दिली. आज तिथे मॅसॅच्युसेट्समधले स्प्रिंगफील्ड शहर आहे. खरेदीखत वाचताना किमतीइतकीच नजर खिळते ती अटींवर. मासे, हरणे, अक्रोड, ओकची फळे आणि जमिनीतले कंद यांवरचा हक्क विकणाऱ्यांनी राखून ठेवला होता. इंग्रजांच्या गुरांनी मक्यात तोंड घातले तर भरपाईही ठरली होती. आधी पश्चिम तीरावर घर बांधून झाले होते. पण गुरे मूळ लोकांच्या शेतात शिरणार हे दिसताच वस्ती पूर्व तीरावर हलवली गेली.

पिंचन 1630 मध्ये इंग्लंडहून आलेला प्युरिटन, मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा खजिनदार आणि पक्का व्यापारी. त्याने ही जागा हेरली ती बीव्हरसाठी. पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याच्या मऊ लोकरीची टोपी युरोपात श्रीमंतांच्या डोक्यावर असे. समुद्रावरून येणारी जहाजे खालच्या धबधब्यापाशी अडत. तिथे पिंचनने वखार घातली. माल तिथून वर नेला की नदीच्या वरच्या अंगाचा सगळा कातड्यांचा व्यापार त्याच्या दारातून जाई. चलन म्हणजे तेच मणी. पांढरे आणि जांभळे, किनाऱ्यावरचे मूळ लोक ते घासून, भोके पाडून, दोऱ्यात ओवत. नाण्यांचा दुष्काळ एवढा की मॅसॅच्युसेट्सने काही वर्षे हे मणी कायदेशीर चलन म्हणून चालवून घेतले.

गाव 40 कुटुंबांचे असावे, फार तर 50, असे पहिल्या करारातच ठरले होते. न्यायाधीशही पिंचनच. 12 जाणती माणसे मिळेनात म्हणून 10 पौंडांच्या आतल्या दाव्यांसाठी 6 जणांची ज्यूरी पुरेशी धरली गेली. पुढे गावसभेने पंच निवडले. कुंपण कुणी नीट राखले नाही, कुणाची डुकरे कुणाच्या शेतात घुसली, याच बाबी त्यांच्यापुढे येत. गावगाडा म्हणतात तो असाच चालतो.

ज्या सनदेवर हे सगळे उभे होते, तिची एक गंमत. 1629 ची मॅसॅच्युसेट्सची सनद आणि 1668 ची, मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला देणारी सनद, दोन्हींत जमीन केंटमधल्या ईस्ट ग्रीनिच या राजाच्या जहागिरीचा भाग असल्यासारखी दिली आहे. मुंबईसाठी वर्षाला 10 पौंड, सोन्यात चुकवायचे, एवढे भाडे होते. कागदोपत्री माझगावचे आंबे आणि अगावामचा मका एकाच इंग्रज खेड्याच्या हद्दीत पिकत होते!

भांडण पेटले ते धान्यावरून. पेक्वॉट लोकांशी झालेल्या युद्धानंतर 1638 मध्ये कनेक्टिकटच्या गावांत मक्याची टंचाई पडली. मूळ लोकांकडून मका आणायचे काम पिंचनवर सोपवले गेले. तो भाव पाहून थांबला. खालच्या गावांना वाटले, हा आपली पोळी भाजून घेतोय. त्यांनी कॅप्टन जॉन मेसनला धाडले. आदल्या वर्षी पेक्वॉटांचे मिस्टिक गाव जाळणारा हाच मेसन. पिंचनचे म्हणणे असे की मूळ लोक स्वतंत्र आहेत, त्यांना धाक दाखवून धान्य मागता येणार नाही. यात तत्त्व किती आणि गिऱ्हाईक दुखावण्याची भीती किती, हे वेगळे काढता येत नाही. मला वाटते त्यालाही ते काढता आले नसते. त्याला 40 बुशेल मक्याचा दंड झाला. तोवर कनेक्टिकटच्या गावांसोबत चालणाऱ्या स्प्रिंगफील्डने त्यांच्याशी नाते तोडून मॅसॅच्युसेट्सचा पदर धरला. मग कनेक्टिकटने नदीच्या मुखाशी, सेब्रुकच्या किल्ल्यावर, बुशेलमागे 2 पेन्स जकात बसवली. उत्तर म्हणून मॅसॅच्युसेट्सने 1649 मध्ये बॉस्टन बंदरात त्यांच्या मालावर जकात लावली. एकाच राजाची प्रजा, एकच धर्मपंथ, आणि जकातीवरून हमरीतुमरी.

1650 मध्ये पिंचनचे धर्मविषयक पुस्तक बॉस्टनच्या बाजारात जाळले गेले. पुढच्याच वर्षी गावात ह्यू पार्सन्स या वीटभट्टीवाल्यावर चेटकाचा आळ आला. कुणाच्या घरचे पुडिंग भांड्यातून काढताच सुरीने चिरल्यासारखे दुभंगलेले निघाले, हाही पुरावा! साक्षी नोंदवून घेणारा न्यायाधीश पिंचनच, स्वतः पाखंडाच्या आरोपाखाली. ह्यू सुटला. पिंचन 1652 मध्ये इंग्लंडला परतला आणि पेढी मुलगा जॉनच्या हाती आली.

जॉन बापापेक्षा धूर्त. 1652 पासून पाच-सहा वर्षांत त्याने सुमारे 9,000 बीव्हरची कातडी बाहेर धाडली. मग बीव्हर सरला आणि मूळ लोकांकडे विकायला उरली फक्त जमीन. जॉनच्या हिशेबवहीत उम्पांचाला या सरदाराचे खाते आहे: कोट उधार, मणी उधार, आणि त्याच यादीत दारू पिऊन झिंगल्याचा दंड. म्हणजे खटला चालवणारा तोच आणि येणे मांडणारा तोच. 1660 मध्ये उम्पांचालाची नदीकाठची जमीन जॉनच्या नावे झाली. गावातले गोरेही काही मोकळे नव्हते. कितीतरी जण त्याची जमीन कसत, त्याच्याकडे मजुरी करत, त्याच्या गिरणीत दळण दळत आणि त्याच्याच दुकानात उधारी वाढवत.

1675 मध्ये मूळ लोकांचा सरदार मेटाकॉम याचे, इंग्रजांच्या भाषेत किंग फिलिपचे, युद्ध भडकले. अगावाम आपले शेजारी आहेत, ते हात उचलणार नाहीत, अशी जॉनची खात्री होती. तरीही इंग्रजांनी त्यांची माणसे ओलीस ठेवली. 5 ऑक्टोबरला जॉन सैन्य घेऊन उत्तरेला हॅडलीत असताना त्याच शेजाऱ्यांनी स्प्रिंगफील्ड पेटवले. 30 च्या आसपास घरे आणि त्याच्या गिरण्या जळाल्या. त्याचे विटांचे पक्के घर मात्र बचावले. पुढच्या वर्षी युद्ध संपले. अगावाम पांगले आणि त्यांच्यासोबत खरेदीखतातल्या माशांचा, हरणांचा, कंदांचा हक्क बजावणारेही गेले. जॉन मात्र तिथेच राहिला. त्याने गिरण्या पुन्हा उभारल्या आणि 1703 मध्ये मरेपर्यंत त्या खोऱ्यातला सर्वांत मोठा जमीनदार तोच होता.