पिंजरा-चाके आणि डांबरी रस्ता
मेट्टूर धरणात (१९३४) पुरेसा साठा असल्यास १२ जूनला कावेरीत पाणी सोडण्याची प्रथा आहे. त्यानंतर तंजावूर परिसरात कुरुवै भातासाठी चिखलणीची घाई उडते. ओल्या चिकणमातीत रबरी टायर जागच्या जागी फिरतात, म्हणून ट्रॅक्टरच्या मागील चाकांना लोखंडी पट्ट्यांची पिंजरा-चाके जोडतात. पट्ट्या मातीत रुतून पकड देतात आणि चिखलणीही करतात. हिमालयातील बर्फाळ घाटांत टायरवर साखळ्या चढवण्यामागील तत्त्वही पकडीचेच. वाहनाच्या चारही चाकांना शक्ती मिळाली, तरी घर्षण नसल्यास ती व्यर्थ जाते.

खरा पेच शेताबाहेर आहे. साखळ्यांप्रमाणेच पिंजरा-चाकेही कोरड्या डांबराला उखडतात. म्हणून ती लावून रस्त्यावर येण्यास प्रशासन मनाई करते. परंतु भाड्याच्या ट्रॅक्टरला हंगामात एका शेतातून दुसऱ्या शेतात जावे लागते, आणि दर वेळी जड चाके काढणे-बसवणे म्हणजे भाड्याचा वेळ बुडणे. वाचलेला वेळ मालकाचा, खड्ड्यांचा खर्च मात्र सार्वजनिक तिजोरीचा. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यता म्हणतात. केवळ दंडाने ती आटोक्यात येणे कठीण, कारण लावणी पाण्याच्या पाळीशी बांधलेली असते. चाके ट्रेलरवरून शेतापर्यंत नेण्याची सोय त्याहून उपयुक्त ठरावी.