दरहॅमचे दगडी छत

इंग्लंडच्या उत्तर भागात दरहॅम नावाचे गाव आहे. वेअर नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या तिथल्या उंच कड्यावर नऊशे वर्षांचे एक प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याचीच गोष्ट आज सांगायची आहे.

संत कथबर्ट इ. स. ६८७ मध्ये वारले. पुढे समुद्रावरून चालून येणाऱ्या लुटारूंच्या भीतीने त्यांचे शव घेऊन मठवासी साधू ८७५ मध्ये बेट सोडून निघाले आणि ९९५ मध्ये या कड्यावर स्थिरावले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्यापैकी बिशप विल्यम यांनी १०९३ मध्ये इथे नवे मंदिर बांधायला घेतले. पाया घालून तीन वर्षे होतात न होतात तोच ते वारले, पण काम थांबले नाही. १९३३ नव्हे बरं का, ११३३ मध्ये मुख्य दालन पुरे झाले!

या बांधणीला रोमनेस्क म्हणतात. जाड भिंती, लहान खिडक्या, गोल कमानी. दरहॅमचे काही खांब तर इतके जाड, की त्यांची उंची आणि घेर जवळजवळ सारखाच! त्यांवर नागमोडी आणि चौकडीच्या रेघा कोरल्या आहेत.

आता खरा प्रश्न छताचा. लाकडी छप्पर हलके, पण एक ठिणगी पडली की संपले. दगडी छताला आगीचे भय नाही; पण ते जड, आणि भिंतींना बाहेर रेटते. दरहॅमच्या गवंड्यांनी काय केले? आधी दगडी फासळ्या उभ्या केल्या आणि मधली जागा दगडांनी भरली. छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे, तसेच काहीसे.

इथे एक अडचण येते. गुरुजींनी मुलांकडून हे करून घ्यावे. जमिनीवर तीन हात रुंद, चार हात लांब चौकोन आखा. त्याचा कर्ण पाच हात. अर्धगोल कमानीची उंची रुंदीच्या निम्मी असते. म्हणजे तीन हातांवरची कमान दीड हात उंच, आणि कर्णावरची अडीच हात. माथे जुळणार कसे? दरहॅमला मुख्य दालनातल्या आडव्या कमानींना टोक काढले. टोकदार कमान, रुंदी तीच ठेवून, हवी तेवढी उंच करता येते! बाजूच्या छपराखाली दडवलेल्या अर्ध्या कमानींनी भिंतींना टेकूही दिला. हीच टोकदार कमान पुढे गॉथिक मंदिरांची खूण ठरली.

सारेच काही पहिल्या झटक्यात साधले नाही. वेदीकडचे आधीचे छत शंभर-सव्वाशे वर्षांत तडकले आणि तेराव्या शतकात ते नव्याने बांधावे लागले. मुख्य दालनाचे छत मात्र अजून उभे आहे. १९८६ मध्ये त्या मंदिराची जागतिक वारशात नोंद झाली.

बिशपाचे नाव आपल्याला ठाऊक आहे. फासळ्या जुळवणाऱ्या गवंड्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचा हिशेब मात्र दगडात शिल्लक आहे.