विचारांनी सुटत नाहीत त्या गाठी

तंजावरच्या मराठी कुटुंबांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्राचे फोटो येतात, सांबारावरून वाद रंगतात आणि अधूनमधून एक फॉरवर्ड येतो: ‘विचार बदला, जनुकं बदलतील. एपिजेनेटिक्सने सिद्ध झालंय!’ परवा त्याखाली एका अक्कांनी विचारलं, ‘मग स्तनकर्करोगावरची माझी टॅमॉक्सिफेनची गोळी थांबवून ध्यान केलं तर चालेल?’

नाही चालणार.

एपिजेनेटिक्स, म्हणजे जनुकांचा मजकूर न बदलता त्याचं वाचन बदलणं, खोटं नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागदांचे रुमाल आठवा. मजकूर जागच्या जागी असतो, पण बांधलेला रुमाल वाचता येत नाही. पेशीत ही गाठ (स्तनातली नव्हे, फडक्याची) मारतात डीएनएवरचे मिथाइल गट आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं. ‘ईआर पॉझिटिव्ह’ (इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या) कर्करोगात फॉक्सए१ नावाचं प्रथिन काही गाठी सैल करतं. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर तिथे जाऊन बसतो आणि वाढीची जनुकं वाचली जातात. टॅमॉक्सिफेन रिसेप्टरवरची इस्ट्रोजेनची जागाच अडवतं.

आता ‘गाठी बदलू’ म्हणणाऱ्यांसाठी. हे करून झालंय, तेही औषधाने. एन्टिनोस्टॅट हिस्टोनची पकड ढिली करतं. ई२११२ या चाचणीत, कर्करोग पसरलेल्या ६०८ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या गोळीसोबत ते दिलं. रक्तपेशींत अपेक्षित बदल मोजूनही दिसला. आयुष्य? २३.४ महिने, औषधाविना २१.७, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही (जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी, २०२१). थेट हिस्टोनवर चालणाऱ्या औषधाची ही गत. मग सकाळचा ‘सकारात्मक विचार’ नेमका कुठला रुमाल शोधून बांधणार?

टॅमॉक्सिफेनचा हिशेब मात्र चोख आहे. २० चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात (लॅन्सेट, २०११) ईआर पॉझिटिव्ह रुग्णांनी सुमारे ५ वर्षं ते घेतल्यावर १५ वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास एक-तृतीयांशाने घटले.

बाकीचे फॉरवर्ड झटपट. ‘घराण्यात कुणाला नाही, मला कसा होईल?’ आनुवंशिक दोष ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतो. ‘बायोप्सीने पसरतो.’ नाही, उलट तिच्याशिवाय ईआर कळतच नाही. ‘पुरुषांना होत नाही.’ होतो, आणि बहुधा ईआर पॉझिटिव्हच.

अक्का, तंजावरच्या छत्रांत आजारी वाटसरूंसाठी वैद्य असत, हे सरफोजी राजांनीच १८०१च्या पत्रात लिहिलंय. ध्यान जरूर करा, झोप चांगली लागेल. पण गोळी घेऊन बसा. आणि तिचा त्रास होत असेल, तर बंद करण्याआधी ग्रुपला नको, डॉक्टरांना विचारा.