माझें प्रवासाचें वर्ष

शके १९४५ मध्यें श्रावण दोन आले. त्यामुळें पंचांगाच्या हिशेबानें तें वर्ष तेरा महिन्यांचें झालें. मला मात्र तें त्याहूनही लांब वाटलें. वयाच्या एकोणसाठ वर्षांत सासर आणि माहेर एवढ्याच दोन वाटा मी एकटीनें चाललें होतें, आणि त्या एका वर्षांत मीं चार प्रवास केले. त्यांतील एकांत पाय दुखावला, एक अर्ध्यावर राहिला, आणि शेवटच्या दोन दिवसांच्या फेरीस प्रवास म्हणावें कीं नाहीं यावरून आमच्या घरांत अद्यापि वाद आहे.

ह्यांना जाऊन तेव्हां दीड वर्ष झालें होतें. "निवृत्त झालों कीं काशीला जाऊं," हें वाक्य मीं त्यांच्या तोंडून तीस वर्षें ऐकलें. निवृत्तीनंतर गुडघे आडवे आले, मग हृदय, आणि जाणें राहूनच गेलें. २०२३ च्या चैत्रांत एके रात्रीं सर्व मंडळी जेवावयास बसली असतां मीं सांगितलें कीं, वैशाखांत मी काशीस जाणार आहें, आणि एकटी जाणार आहें. आमचें कुटुंब एकत्र; लहानमोठीं मिळून अकरा माणसें. तेव्हां अकरा मतें पडणें साहजिकच होतें. भावोजी म्हणाले, "वहिनी, एखाद्या यात्रेबरोबर जा, म्हणजे आमचें कांहीं म्हणणें नाहीं." मुलगा म्हणाला, "आई, दिवाळींत रजा मिळाली कीं मी नेतों तुला." धाकटी जाऊ कांहींच बोलली नाहीं, पण आमटी वाढतांना तिनें माझ्या खांद्यावर किंचित् हात ठेवला.

सासूबाई भिंतीपाशीं खुर्चीवर बसून जेवत होत्या. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी. काचबिंदूनें दोन्ही डोळे गेलेले. "तिला जाऊं द्या," त्या म्हणाल्या. "जातेस तर गंगेचा गडू आण. तांब्याचा, तोंड नीट झाळलेला. प्लास्टिकचा डबा मला नको." विषय तेथेंच संपला.

त्याच आठवड्यांत त्यांनीं माझ्याकडून विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचून घेतला. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरच्या ओढगस्तीमुळें दक्षिणा मिळविण्याच्या आशेनें ते १८५७ सालीं चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडांत सांपडले. झांशीच्या वेढ्यांत अडकले, लुटले गेले. तरी अखेरीस गंगेची कावड घेऊन पायीं घरीं आले आणि आईबापांना त्या पाण्यानें स्नान घातलें. ही हकीकत त्यांनीं १८८३ सालीं लिहिली व ती १९०७ सालीं चिंतामणराव वैद्यांनीं छापली. लढाईचीं पानें आलीं कीं सासूबाई "पुढें वाच" म्हणत, आणि कावडीचें पान आलें कीं "सावकाश" म्हणत. म्हातारपणीं धर्माची ओढ लागते, अशी मीं आपली समजूत करून घेतली.

मनमाड, भुसावळ, इटारसी, जबलपूर असें करीत गाडी काशीस पोंचली ती सात तास उशिरा, मध्यरात्र उलटल्यावर. उतरण्याची सोय ब्रह्मघाटाजवळ एका महाराष्ट्रीय पुरोहितांच्या घरीं केली होती. परंतु त्या गल्ल्या इतक्या अरुंद कीं रिक्षावाल्यानें मला तोंडाशींच उतरविलें. फोनमधली वीज संपलेली. दोन्ही अंगांस बंद दारें, समोर एक बैल वाट अडवून बसलेला. घरीं जेवतांना केलेली माझी घोषणा त्या क्षणीं मला फार पोकळ वाटली. शेवटीं चहाची शेगडी विझवीत असलेल्या एका म्हाताऱ्यानें माझी पिशवी उचलली, चार वळणें घेऊन मला नेमक्या दारीं आणून सोडलें, आणि चाळीस रुपये मागून घेतले. त्यानें पैसे मागितले हें मला बरें वाटलें. उपकाराच्या ओझ्याखालीं पहिलीच रात्र काढावी लागली नाहीं.

काशींत मराठी माणसाला परकें वाटूं नये इतक्या आपल्या खुणा आहेत. विश्वनाथाचें आजचें देऊळ अहिल्याबाई होळकरांनीं १७८० च्या सुमारास बांधविलें. घाटांच्या नांवांतही अहिल्याबाई, शिंदे, भोसले भेटतात. यजमानीणबाई कित्येक पिढ्या काशींतच असलेल्या घराण्यांतल्या. मराठी बोलतां बोलतां त्या मध्येंच हिंदींत शिरत आणि पुन्हां परत येत. देवळाभोंवतालची जी जुनी वस्ती पाडून नवा प्रशस्त मार्ग झाला आणि २०२१ च्या डिसेंबरांत खुला झाला, तींत त्यांच्या मैत्रिणीचें घर होतें. "आतां दर्शन सोपें झालें," त्या म्हणाल्या, "पण मी त्या बाजूनें जातें तेव्हां अजून वळण घ्यावयास पाय उचलतो." वळण मात्र तेथें राहिलेलें नाहीं.

चवथ्या दिवशीं पहाटे पंचगंगा घाटावर माझा पाय घसरला. उन्हाळ्यांत गंगा खालीं जाते आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर गाळ राहतो, हें मला कोणीं सांगितलें नव्हतें असें नाहीं. मीं ऐकलें नव्हतें. घोटा सुजून भोपळ्याएवढा झाला. तीन दिवस मी त्या परक्या घरांत अंथरुणावर होतें, बाहेर लू सुटलेली, आणि यजमानीणबाई दिवसांतून दोनदां आंबेहळदीचा लेप लावीत. घरीं मीं अवाक्षर कळविलें नाहीं. रोज फोनवर "सर्व ठीक आहे" म्हणत असें. दुसऱ्या दिवशीं सासूबाईंनीं फोन मागून घेतला. "फोनवर बोलतांना तूं येरझाऱ्या घालतेस," त्या म्हणाल्या. "कालपासून एका जागीं बसून बोलते आहेस. पायाला काय झालें?"

मीं खरें सांगितलें. त्यांनीं तें घरांत कोणाला सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर तें वर्ष तेथेंच संपलें असतें.

गडू आणला. तो देव्हाऱ्यांत बसला, आणि तेव्हांपासून रोज पूजा आटोपली कीं सासूबाई तो कानाशीं नेऊन हलवूं लागल्या. पाणी वाजलें कीं पुन्हां जागेवर ठेवीत.

केदारनाथाविषयीं मला फार लिहावेसें वाटत नाहीं. आषाढांत मी निघालें. रुद्रप्रयागापर्यंत गेलें आणि परत आलें. पाऊस थांबेना, पुढें दरडी कोसळून रस्ता बंद. अलकनंदा आणि मंदाकिनी जेथें मिळतात त्या संगमावर दोन दिवस मी दोन रंगांचें गढूळ पाणी पाहत बसलें. २०१३ च्या जूनमध्यें त्याच मंदाकिनीनें काय केलें तें सर्वांना ठाऊक आहे, आणि एकदां तें आठवलें म्हणजे पाण्याचा आवाज निराळाच लागतो. माझ्याच धर्मशाळेंत वऱ्हाडांतलीं सात माणसें उतरलीं होतीं. तिसऱ्या दिवशीं रस्ता थोडा वेळ उघडणार असें कळतांच तीं दुप्पट भाडें देऊन जीपनें पुढें निघालीं. माझ्यासाठीं जागा होती. मी गेलें नाहीं. त्यांना दर्शन घडलें आणि सर्व सुखरूप परत आलीं, असें मागाहून कळलें. मी शहाणपणानें परतलें कीं भीतीनें, हें मला अजूनही सांगतां येत नाहीं. घरीं सर्वांनीं माझ्या शहाणपणाची तारीफ केली. ती मला गोड लागली नाहीं.

मग अधिक महिना लागला. तेहतीस अनारशांचीं वाणें, जावयांचीं जेवणें, पाठोपाठ गणपति, नवरात्र, दिवाळी. मार्गशीर्षांत, डिसेंबरच्या अखेरीस, मी तंजावरास गेलें. साऱ्या वर्षांतले सुखाचे दिवस विचाराल तर ते हे चार.

बृहदीश्वराचें देऊळ राजराज चोळानें १०१० सालीं पुरें केलें. त्याचें शिखर दोनशें फुटांहून उंच आहे आणि त्याविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. मी गेलें होतें तें मात्र प्राकारांतल्या एका भिंतीसाठीं. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनीं १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलें; त्यांच्या वंशांतले दुसरे सरफोजी १७९८ सालीं गादीवर आले. त्यांनीं १८०३ सालीं आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मराठींत लिहवून त्या भिंतीच्या दगडांवर कोरविला. तमिळ देशांत, चोळांच्या देवळांत, ओळींमागून ओळी बालबोध अक्षरें! हा राजा ग्रंथांचा मोठा लोभी. सरस्वतीमहाल ग्रंथालय आज ज्या वैभवांत दिसतें तें मुख्यत्वें त्यांचें. नेत्रवैद्यकाचा त्यांना नाद होता, आणि रोग्यांचीं टिपणें अद्यापि जपून ठेविलेलीं आहेत. १८०६ सालीं इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक त्यांच्या पदरीं छापलें गेलें. पुण्यास तेव्हां छापखाना नव्हता, हें आम्हां पुणेकरांनीं कधींमधीं आठवावयास हरकत नाहीं.

भिंतीपाशीं मी एकेक अक्षर लावीत उभी होतें. तोंच एक वृद्ध गृहस्थ जवळ आले आणि मराठींत बोलूं लागले. उच्चार तमिळ वळणाचे, कांहीं शब्द माझ्या पणजीच्या तोंडीं शोभावे असे. ते तेथल्याच एका जुन्या मराठी कुटुंबांतले. मराठी त्यांच्या घरांत आजवर बोलली जाते, पण त्यांचें सारें शिक्षण तमिळ आणि इंग्रजींत झालेलें. बालबोध त्यांना वाचतां येत नव्हतें. लहानपणापासून ते त्या भिंतीवरून जात येत असत, आणि आपल्याच भाषेंतला तो मजकूर त्यांना मुका होता. मला अक्षर वाचतां येत होतें, परंतु जुने दरबारी शब्द अडत. मग मीं वाचावें आणि त्यांनीं अर्थ लावावा, असा आमचा क्रम सुरू झाला. चुका झाल्या असतील. दोन तास गेले. मध्येंच मला कांहीं सुचलें आणि मीं घरीं फोन लावून सासूबाईंना तें वाचन ऐकविलें.

संध्याकाळीं मीं त्यांना सरफोजींची आणखी हकीकत सांगितली. १८२० सालीं ते तंजावराहून काशीयात्रेस निघाले. मोठा लवाजमा बरोबर, वाटेंत तीर्थें करीत, पोथ्या जमवीत, १८२२ सालीं परत आले. "पाहा," मीं म्हटलें, "राजासुद्धां काशीला जाऊन आला."

"राजाला कोण अडविणार?" सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर बराच वेळ त्या बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आलीस कीं मला मुरुडास ने."

मुरुड म्हणजे दापोलीजवळचें, हर्णैच्या शेजारचें, सासूबाईंचें माहेर. महर्षि कर्व्यांचें गांव तें हेंच. १८७५ च्या सुमारास परीक्षेसाठीं ते येथून सातारपर्यंत पायीं गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. ही गोष्ट सासूबाई आम्हां सर्वांना ऐकवीत आल्या आहेत. त्यांच्या भावानें १९८३ सालीं घर विकलें, त्यानंतर त्या तेथें गेल्या नव्हत्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आंधळी बाई आणि घाटाची वाट! या वेळीं अकराच्या अकरा मतें विरुद्ध पडलीं. माझेंही त्यांतलेंच एक होतें. "तुला मीं जाऊं दिलें होतें," एवढेंच त्या मला म्हणाल्या.

२०२४ च्या माघांत, ताम्हिणीच्या घाटानें माणगांव, तेथून मंडणगड, दापोली, असे आम्ही मोटारीनें गेलों, चालवावयास मुलगा. वाट चुकून आधीं हर्णैस उतरलों. समुद्र दिसण्यापूर्वींच वाळत्या मासळीचा वास आला, आणि जन्मभर लसूणही वर्ज्य मानणाऱ्या सासूबाई आनंदानें म्हणाल्या, "आलें माझें गांव. सुवर्णदुर्ग दिसतो का बघा." तो समोरच होता.

घर पुष्कळ बदललें होतें. रहाट गेला, पंप आला. नव्या मालकांनीं दार उघडून आंत घेतलें, पन्हें दिलें. अंगणांतलें तुळशीवृंदावन मात्र जुनेंच होतें. सासूबाईंनीं त्यावरून हात फिरविला, पणतीचा कोनाडा चांचपला, आणि पिशवी मागितली. पिशवींत गंगेचा गडू होता. तो त्यांनीं केव्हां घेतला हें मला कळलेंही नव्हतें.

मग त्यांनीं सांगितलें. १९६८ सालीं गांवांतल्या कांहीं बायका काशीस निघाल्या होत्या. त्यांच्या आईच्या मनांत फार होतें. लेकीनें सोबत करावी असें ठरलें, परंतु पुण्याहून परवानगी आली नाहीं. दोन बायका पुरुषमाणसावांचून कशा जातील? पुढच्या पावसाळ्यांत आई गेली. शेवटच्या घटकेला तिनें गंगा मागितली. घरांत नव्हती. शेजारच्यांनीं आपला जपून ठेविलेला गडू आणून फोडला, तों तो कोरडा निघाला. झाळ कच्ची होती, पाणी केव्हांच उडून गेलें होतें. "मीं विहिरीचें पाणी घातलें आणि गंगा म्हणून सांगितलें," सासूबाई म्हणाल्या. "तिला कळलें असावें."

ज्यांनीं परवानगी दिली नाहीं ते माझे सासरे. त्यांची तसबीर आमच्या दिवाणखान्यांत आहे आणि तिला रोज हार मीच घालतें.

गडूचें तोंड उघडेना. मालकांच्या मुलानें पेचकस आणून झाळ फोडली. सासूबाईंनीं आधीं बोट आंत घालून पाहिलें. मग वृंदावनाच्या मातींत हळूहळू पाणी ओतलें, आणि अर्धें झाल्यावर हात थांबविला. "उरलेलें राहूं दे," त्या म्हणाल्या, "तें मला लागेल. पुन्हां झाळून घे."

दापोलींत झाळून देणारा कोणी मिळाला नाहीं. मीं गडूच्या तोंडावर रुमाल आवळून बांधला आणि पुण्यापर्यंत तो मांडीवर उभा धरून बसलें. घाटांत प्रत्येक वळणाला सासूबाई विचारीत होत्या, "सांडलें नाहीं ना?"